चांदवाडीच्या मळ्यातला चुगलखोर चाकवत

टोमॅटोच्या पानांवर चट्टे पडले तर त्यात एवढी बोंबाबोंब कशाला, असं तुम्ही म्हणाल. आपल्याकडे पडले असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण हे टोमॅटो चंद्रावरचे होते. चंद्रावरच्या झाडाला रोग होणं म्हणजे कुलूपबंद तिजोरीत उंदीर सापडण्यासारखं आहे.

बघा ना. चांदवाडी ही चंद्रावरची माणसांची छोटीशी वस्ती. तिचा मळा म्हणजे जाड काचेचा एक लांबलचक बोगदा. माती नाही, झाडांची मुळं खतपाण्याच्या नळ्यांत सोडलेली. बाहेर हवाच नाही, तर वारा कुठला वाहणार? माशी नाही, मुंगी नाही, साधं चिलटसुद्धा नाही. बियाणं आणलं तेही धुऊन, पारखून. आणि अशा ठिकाणी एका सकाळी टोमॅटोची पानं बिघडली. कुठे गडद हिरवी, कुठे फिकी पिवळट, जणू कुणी रंगाने माखलेला हात पुसला होता. मग पानं आकसली, सुरकुतली. फळं धरेनात. थोड्याच दिवसांत शेजारच्या मिरचीनेही तेच सोंग घेतलं.

मळ्याची सगळी जबाबदारी शर्मिष्ठा उंब्रजकरांवर होती. हा मळा त्यांनी पहिल्या रोपापासून उभा केला होता. त्या रोपांपुढे उकिडव्या बसून पान उलटंसुलटं करून बघायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, "अरे, पण आलं कुठून हे?"

त्यांची मुलगी केतकी सहावीत होती आणि तिला उत्तर ठाऊक होतं. निदान तिला तसं छातीठोकपणे वाटत होतं. त्या उत्तराचं नाव होतं डॉक्टर इंदुमती वाघधरे.

वाघधरे आजी नुकत्याच, मागच्या यानातून, चांदवाडीत आल्या होत्या. पिकांचे विषाणू (डोळ्यांना न दिसणारे, रोग पसरवणारे अतिसूक्ष्म कण) हा त्यांचा विषय. पपई, भेंडी, केळी, मिरची, जिथे म्हणून पान पिवळं पडेल तिथे जाऊन ते गोळा करण्यात त्यांचा जन्म गेला होता. चंद्रावरची झाडं रोगांशी कशी झुंजतात ते बघायला त्या आल्या होत्या आणि पुढच्या यानाने परत जाणार होत्या. बरोबर एक स्टीलची पेटी होती. तिला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

आता सांगा, त्या येईपर्यंत मळा ठणठणीत होता. त्या आल्या आणि मळा आजारी पडला. केतकीला यापेक्षा जास्त पुरावा नकोच होता.

तिच्या या संशयाला खतपाणी घालायला दिनकरमामा होताच. मामा म्हणजे तिच्या आईचा धाकटा भाऊ. चांदवाडीच्या हवा-पाण्याच्या नळ्यांची देखभाल त्याच्याकडे होती. हाताला विसावा ठाऊक नाही असा माणूस. काम संपलं की तो मळ्यात यायचा आणि टोमॅटोच्या वेली सुतळीने बांधायचा. चंद्रावर वजन इतकं कमी की वेली वाटेल तशा भरकटतात, त्यांना रोज बांधावं लागतं.

"मी कुणाचं नाव घेत नाही हं," मामा वेल बांधता बांधता म्हणाला, "पण जी बाई जन्मभर रोगच हाताळत आली, ती अंगावर घेऊन नाही आली म्हणजे नवलच! काय असेल गं त्या पेटीत?"

"तेच तर!" केतकी म्हणाली. "बघायलाच हवं."

"पण बेताने. ही घे." मामाने खिशातून चिक्कीचा तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला. साताऱ्याला रजेवर जाऊन आल्यापासून त्याच्याकडे चिक्कीचा डबा होता, आणि लाडक्या भाचीला रोज एक तुकडा ठरलेला होता.

झालं! केतकी आजींच्या मागे लागली. आजी मळ्यात गेल्या की ही नळ्यांच्या आड. आजी जेवायला बसल्या की ही समोरच्या बाकावर. आणि एक दिवस तिने डोळ्यांनी पाहिलं ते असं: आजींनी टोमॅटोचं एक रोगट पान थोड्या पाण्यात कुटलं, पेटीतून चिमूटभर बारीक पूड घेतली, आणि ते पाणी त्या मळ्याच्या कोपऱ्यातल्या चाकवताच्या निरोगी पानावर बोटाने चोळू लागल्या.

केतकी धावत सुटली. चंद्रावर धावायचं म्हणजे उड्याच मारायच्या. तशी टणाटण उड्या मारत ती आईला हाताला धरून घेऊन आली. मागोमाग मामाही आला.

"बघ, आई! चांगल्या पानाला रोग चोळतायत त्या! मी पाहिलंय!"

आईचा चेहरा कठोर झाला. "आजी, हे खरं आहे?"

"अगदी खरं," आजी म्हणाल्या. हात थांबवायचंही त्यांनी मनावर घेतलं नाही. "पोरीची नजर चांगली आहे. फक्त घाई फार. बस इकडे, केतकी. विषाणू म्हणजे काय, सांग बघू."

"जंतू."

"चूक. जंतू खातो, वाढतो, त्याचे दोनाचे चार होतात. विषाणूला तोंड नाही, पोट नाही, पाय नाहीत. म्हणजे आहे काय तो? एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीभोवती अंगरखा. बस्स, एवढाच. केसाच्या जाडीवर असे हजारो शेजारी शेजारी मावतील. आता समज, तुमच्या स्वयंपाकघरात कुणीतरी एक चिठ्ठी सरकवली. तिच्यावर लिहिलंय, 'माझ्यासारख्या आणखी चिठ्ठ्या लिहा.' आणि तुमचा आचारी इतका भोळा, की डाळ-भात टाकून तो दिवसभर चिठ्ठ्याच लिहीत बसला. घरातली माणसं उपाशी! झाडाच्या पेशीत (ज्या बारीक बारीक कप्प्यांचं झाड बनतं, त्या प्रत्येक कप्प्यात) नेमकं हेच होतं. पानं हिरवी राहायची थांबतात, कारण पेशीला दुसऱ्याचंच काम लागलेलं असतं."

केतकीला हे आवडलं, पण तिने तसं दाखवलं नाही. "मग पाय नसताना तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो कसा?"

आजींनी तिच्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं. "माझी सगळी नोकरी या एका प्रश्नात गेली, बाळा. त्याला वाहक (उचलून नेणारा) लागतो. पपईवरचा विषाणू मावा घेऊन फिरतो. भेंडीवरचा पांढरी माशी नेते. वाहक नसेल तर विषाणू जागच्या जागी पडून राहतो. तेव्हा पान बघून मी नुसता रोग ओळखत बसत नाही. मी विचारते, आणला कुणी?"

"आणि चाकवताला का छळताय?"

"चाकवत चुगलखोर असतो. टोमॅटोच्या अंगभर विषाणू पसरतो, म्हणून तिथे काही मोजता येत नाही. चाकवताचं तसं नाही. विषाणू जिथे आत शिरला, तिथल्या स्वतःच्याच पेशी चाकवत मारून टाकतो, म्हणजे शत्रूला पुढे वाट मिळत नाही. पानावर तेवढाच वाळका ठिपका राहतो. ही पूड चोळली की पानाला न दिसणारे ओरखडे पडतात आणि विषाणूला आत जायला दार मिळतं. पाण्यात विषाणू असेल तर तीन-चार दिवसांत ठिपके. नसेल तर पान कोरं."

"हे सगळं ठीक आहे," मामा मध्येच म्हणाला, "पण रोग तुम्ही आल्यावरच आला, आजी. याचं काय?"

"दिनकर!" आई ओरडली.

"बोलू दे. बरोबर बोलतोय तो," आजी शांतपणे म्हणाल्या. "माझाच संशय आधी घ्या. पण शर्मिष्ठा, तू रोगट झाडं कशी पसरलीत ते पाहिलंस का? उडणाऱ्या किड्याने आणलं असतं तर इथे एक, तिथे एक, अशी विखुरलेली दिसली असती. ही एका ओळीत चालली आहेत. एका झाडावरून शेजारच्या झाडावर, मग त्याच्या शेजारच्या. असा किडा चालत नाही. असा माणूस चालतो, काम करत. हा विषाणू हातावरून आलाय."

जो तो आपापल्या हातांकडे बघू लागला.

संध्याकाळी शर्मिष्ठांनी चांदवाडीतल्या सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. त्या उभ्या राहिल्या. "पुढचं यान नवं बियाणं घेऊन लवकरच येतंय. तोवर रोग कुठून येतोय हे कळलं, तर फक्त रोगट ओळी उपटू. नाही कळलं, तर सगळा मळा उपटून, जाळून, धुऊन काढावा लागेल. कारण उगम हाती लागला नाही, तर नवी रोपं लावली तरी तो पुन्हा येणार. वर्षभर मग डब्यातलं खायचं. आणि पुन्हा एवढा मळा उभा करायची माझ्यात ताकद आहे की नाही, मला ठाऊक नाही."

केतकीने आईला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

आजींनी चाकवताची रोपं बाहेर काढून मळ्याला कुलूप घातलं. सगळ्यांनी हात साबणाने आणि मग पावडरच्या दुधाने धुवायचे, असा हुकूम सुटला. दुधातली प्रथिनं (शरीर घडवणारे अन्नातले घटक) विषाणूला गुंडाळून टाकतात, मग त्याला पेशीत शिरता येत नाही. काही दिवस असं चाललं.

"हे कशासाठी?" केतकीने विचारलं.

"मळ्यात काम करणाऱ्या सगळ्यांच्या हातांवर रोगट झाडांचा विषाणू असणारच. तेव्हा तपास केला असता, तर सगळेच चोर ठरले असते. आता हात स्वच्छ आहेत, मळा बंद आहे. यानंतरही ज्याच्या हातावर विषाणू निघेल, त्याला तो मळ्याबाहेरून मिळतोय."

मग हातांचा तपास झाला. एकेकाने वाटीभर शुद्ध पाण्यात बोटं बुचकळायची आणि ते पाणी चाकवताच्या एका पानावर चोळायचं. प्रत्येक पानाला वेगळ्या रंगाचा दोरा. पहिली वाटी आजींनी स्वतःच्या हातांनी भरली. काही जण कुरकुरले. आम्ही काय चोर आहोत का, असं पुटपुटले. मामाने तर गंमतच केली. "हात बघा, भविष्यही सांगा!" म्हणत त्याने बोटं पाण्यात नाचवली. केतकी मात्र एकाच दोऱ्याकडे टक लावून होती. आजींच्या पांढऱ्या दोऱ्याकडे.

आजींचं पान कोरंच राहिलं.

आईचंही कोरं. सगळी पानं कोरी. फक्त दोन पानांवर ठिपके उमटले, गोल, वाळके, अगदी स्पष्ट. एकाला निळा दोरा होता. तो मामाचा. दुसऱ्याला जांभळा.

जांभळा दोरा केतकीचा होता.

ती पांढरीफटक पडली. "मी नाही! आजी, देवाशप्पथ, मी काही केलं नाही!"

"शू. अजून कुणाला दाखवलेलं नाही मी." आजींनी तिला जवळ ओढलं. "तू काही केलंयस असं पान म्हणत नाहीये. तुझ्या हातावर काहीतरी होतं, एवढंच म्हणतंय. तू आणि मामा, दोघंच शिवता अशी वस्तू कोणती? नीट आठव."

केतकी आठवत राहिली. मग तिचा चेहरा पडला. "चिक्की. त्या दिवशी तपासाच्या आधीच त्याने दिली होती. पण चिक्कीत..."

"उकळत्या गुळात शिजलेल्या शेंगदाण्यात विषाणू टिकणार नाही. चिक्की बिचारी निर्दोष आहे. ती ज्या डब्यात असते, त्या डब्यात आणखी काय असतं?"

केतकीने डोळे मिटले. तिला मामाचा डावा तळहात दिसला आणि त्यावर उगाचच फिरणारा उजवा अंगठा. नखाच्या कोपऱ्यात नेहमी काहीतरी पांढरं असायचं. रजेवरून आल्यापासून तो बोलताना तोंडावर हात धरायचा. आणि त्या यानातून फक्त आजीच उतरल्या नव्हत्या. मामाही उतरला होता. हे तिच्या डोक्यात कसं आलं नाही? कारण तो मामा होता. मामाचा कुणी संशय घेतं का?

"तंबाखू," ती हळूच म्हणाली.

आजींनी मान हलवली. "तंबाखूच्या झाडालाही हाच रोग होतो. पान वाळवलं, चुरलं, पुडीत भरलं, तरी त्यातला विषाणू वर्षानुवर्षं टिकतो. माणसाला काही करत नाही. पण त्याच बोटांनी कुणी टोमॅटो बांधला, की संपलं."

"तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"शंका होती. शंका म्हणजे माहिती नव्हे. नाव घ्यायच्या आधी पानाला विचारायचं असतं."

चांदवाडीत तंबाखूला सक्त मनाई होती. जो आणेल, त्याने पहिल्या यानाने परत जायचं. आणि आईला तर मामाने तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं की सोडली म्हणून.

केतकी त्याच्या खोलीत गेली तेव्हा तो नळीचा सांधा घासत बसला होता.

"मामा, चिक्कीच्या डब्याच्या तळाशी काय आहे?"

त्याचा हात थांबला. "काय असणार? चुरा."

"कशाचा?"

"हे बघ, आता मामावर संशय? त्या म्हातारीने कान भरले ना तुझे?" तो चिडून म्हणाला. पण केतकी हलली नाही, रडलीही नाही. नुसती बघत राहिली. मग त्याचे खांदे खाली आले. "एवढीशी पुडी गं. कपडे, सामान, सगळं तपासलं त्यांनी, चिक्की कोण तपासतंय? आणि मी तोंडात टाकतो, झाडाला थोडीच भरवतो?"

"तुझ्या बोटांनी भरवलीस तू." तिने त्याला सगळं सांगितलं. चिठ्ठी, अंगरखा, ओरखडे, निळा दोरा.

मामाने हातातला सांधा खाली ठेवला. "ताईला सांगू नकोस," तो म्हणाला. "मी पुडी फेकून देतो. आत्ता. रोग आपोआप थांबेल. कुणाला कळायची गरजच नाही."

"पण आईला उगम कळला नाही, तर ती सगळा मळा जाळेल."

"केतकी, मला पाठवून देतील गं इथून."

"तू सांग," ती म्हणाली. "नाहीतर मी सांगेन." आणि बाहेर येऊन ती नळ्यांच्या बोळात भिंतीला टेकून हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी यान उतरलं. सगळे मळ्याच्या दाराशी जमले. आजी हातात दोन पानं घेऊन उभ्या होत्या; ज्याने केलं त्याने आपणहून सांगावं म्हणून थांबल्या होत्या. आई पहिल्या ओळीशी गेली. त्या ओळीतली झाडं अजून निरोगी होती, लालचुटुक टोमॅटोंनी लगडलेली. तिने मामाकडे पाहिलं, आजींकडे पाहिलं. "कुणाला काही सांगायचं आहे? ही शेवटची वेळ आहे."

मामाने मान खाली घातली. आईने एका रोपाच्या बुंध्याला हात घातला.

"आई, थांब!" केतकी ओरडली. "मामाच्या डब्यात तंबाखू आहे. तिच्यातून आलाय रोग. माझ्या हातावरही तिथूनच आला."

आईने भावाकडे पाहिलं, आणि ती नजर मी तुम्हाला सांगत नाही, तुमच्या आईने तुमच्याकडे कधी तसं पाहू नये. मामाने खिशातून डबा काढला, झाकण उघडलं आणि पुडी व चुन्याची डबी आजींच्या हातात ठेवली.

"ताई, चुकलं माझं," एवढंच तो म्हणाला.

आईने बुंध्यावरचा हात काढला. मग रोगट ओळींकडे वळून तिने सगळ्यांना कामाला लावलं, आणि पाठ फिरवूनच म्हणाली, "नियम तुलाही आहे, दिनकर."

पण यानात एकच जागा होती, आणि ती होती आजींची. आजी पुढे आल्या. "माझी जागा त्याला द्या. इथं काम तर आत्ता सुरू झालंय माझं. पुढचं यान येईपर्यंत मी राहते."

जाताना मामा केतकीपुढे गुडघ्यांवर बसला. तिने मान वळवली होती. "रागावलीस?"

"तू का नाही बोललास?"

"घाबरलो गं. तू बोललीस म्हणून मळा वाचला. भित्र्या मामाची भाची शूर निघाली, हे बरं झालं." त्याचे डोळे भरून आले. मग मात्र केतकीने त्याच्या गळ्यात हात टाकले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

यान गेल्यावर ती काचेशी उभी राहिली. वर निळी पृथ्वी दिसत होती. आजी शेजारी येऊन थांबल्या.

"आजी, मला तुमचाच संशय आला होता."

"ठाऊक आहे. नळीमागून तुझी वेणी दिसायची."

केतकीला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. तिने बाहीने नाक पुसलं. "विषाणू सगळे वाईटच असतात का हो?"

"मुळीच नाही. विषाणू चिठ्ठी पोचवण्यात पटाईत असतो, त्याच्याइतका हुशार जासूद नाही. म्हणून आता आम्ही काय करू बघतोय, त्याच्या अंगरख्यातली वाईट चिठ्ठी काढून घ्यायची आणि चांगली घालायची. 'दुष्काळात तग धर,' किंवा 'या किडीला हुसकावून लाव.' मग तीच चिठ्ठी तो स्वतः झाडाला नेऊन देईल. काही ठिकाणी हे जमायला लागलंय. तू मोठी होईपर्यंत पुष्कळ जमेल."

"म्हणजे ज्याने रोग नेला, त्याच्याच हाती चांगलं काम द्यायचं?"

"हो. पण आधी नीट झडती घेऊन."

केतकी विचारात पडली. यानाचा ठिपका आता दिसेनासा झाला होता.

"मग मामालाही परत आणता येईल?"

आजींनी तिचा चेहरा न्याहाळला, आणि ती खरंच विचारते आहे हे त्यांना दिसलं.

"येईल," त्या म्हणाल्या. "पण त्याची झडती तू घ्यायचीस. मला नाही जमायचं, मला त्याची दया येईल."

"मला नाही येणार," केतकी म्हणाली आणि मळ्याकडे निघाली. रिकाम्या झालेल्या ओळींत नवी रोपं लावायला आई एकटीच लागली होती.